डी दिल्लीचा, टी त्रिचीचा: कोडिंग-डिकोडिंग कसं सोडवायचं

1984 साली मी इंदूरच्या ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून द्यायचे तिथं, ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात एक घोळ घातला. पीपी कॉल होता, म्हणजे ठरावीक माणूसच फोनवर हवा. बोलावणाऱ्यानं नाव सांगितलं डी. आर., मला ऐकू आलं टी. आर. पलीकडे एकाच वाड्यात दोघं सख्खे भाऊ, एक डी. आर., एक टी. आर., आणि दोघांचं आपसात बोलणं बंद. नको तो भाऊ फोनवर आला. पुढच्या तीन मिनिटांत काय झालं ते इथं लिहीत नाही. त्या संध्याकाळी सुपरवायझर बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "नुसता डी म्हणायचा नाही. डी दिल्लीचा, टी त्रिचीचा, बी बॉम्बेचा, पी पूनाचा." आणि आय? "आय आपल्या इंदूरचा, आणखी कुणाचा!"

तेव्हापासून इंग्रजी अक्षरं माझ्या डोक्यात गावं होऊन बसली आहेत. म्हणूनच भावाची मुलगी सई, जी इथल्या भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांच्या क्लासला जाते, एक दिवस वही आपटून म्हणाली, "आत्या, कोडिंग-डिकोडिंग मला येणारच नाही," तेव्हा मला हसू आलं. कोडिंग-डिकोडिंग म्हणजे स्पर्धा परीक्षेतले असे प्रश्न: एका शब्दाचा कोड दिलेला असतो, त्यातला नियम ओळखून दुसऱ्या शब्दाचा कोड सांगायचा. मी तिची वही चाळली. चाळीसेक नियम लिहिलेले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं पेन. नियम तिला माझ्यापेक्षा जास्त येत होते. गडबड वेगळीच होती. प्रश्न दिसला की ती तडक पहिला नियम लावायला धावायची, तो बसला नाही की दुसरा, मग तिसरा. नंबर पुरता ऐकून न घेता डायल फिरवायला लागलेल्या नव्या ऑपरेटरसारखं. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका खोडीवरचं औषध आहे: आधी बघा, मग हात लावा.

अक्षरं मी देवनागरीत, मध्ये रेघ देऊन लिहिते आहे. फोनवर सांगायची सवय, दुसरं काय. तुम्ही वाचताना शेजारी कागद घ्या आणि तीच अक्षरं इंग्रजीत मांडत जा. हिंदी माध्यम निवडलंत तरी या प्रश्नांत शब्द बहुतेक इंग्रजी अक्षरांतच येतात, म्हणून हाताला त्याचीच सवय हवी. नुसतं वाचून काही होणार नाही.

पाठ करायच्या दोनच गोष्टी

पहिली, अक्षरांचे क्रमांक. सव्वीस अक्षरांचे सव्वीस आकडे घोकत बसू नका. पाच स्टेशनं लक्षात ठेवा: ई 5, जे 10, ओ 15, टी 20, वाय 25. क्लासमधली मुलं याला एका दमात "इजोटी" म्हणतात. सुरुवातीचे ए आणि बी सोडले तर बाकीचं प्रत्येक अक्षर कुठल्या तरी स्टेशनाच्या दोन पावलांच्या आत आहे. क्यू हवाय? ओ 15, पी 16, क्यू 17. डब्ल्यू? वाय 25, त्याच्या दोन मागे, 23. आठवडाभर रोज दहा मिनिटं कुणाला तरी अक्षरं विचारायला लावा. सईला मी पोळ्या लाटताना विचारायचे, एक पोळी एक अक्षर. चौथ्या दिवशी ती पोळी पलटायच्या आत उत्तर द्यायला लागली.

दुसरी, उलट जोड्या. पहिल्या अक्षराची शेवटच्याशी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी. जोडीतल्या क्रमांकांची बेरीज नेहमी 27 येते, त्यामुळे जोडी विसरलात तरी 27 मधून वजा करून काढता येते. पण परीक्षेत वजाबाकीलाही वेळ लागतो, म्हणून खुणा हव्यात. बी-वाय म्हणजे बॉय. ई-व्ही म्हणजे आता रस्त्यावर दिसते ती विजेची गाडी. एच-एस हायस्कूल. आय-आर इंडियन रेल्वे. जी-टी म्हणजे जीटी रोड, हे सगळ्या क्लासमध्ये सांगतात. इंदूरच्या पोरांनी एवढं भान ठेवावं की आपला तो एबी रोड, आणि ए-बी ही जोडी नाही. सईनं पहिल्या टेस्टमध्ये खरंच एची जोडी बी लिहिली होती. एल-ओ म्हणजे "लो भिया, लो", सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, दुकानदार दोना पुढे करतो तसं. एम आणि एन शेजारी शेजारी, मधल्या भिंतीला पाठ लावून बसलेले. डी-डब्ल्यू म्हणजे इंग्रजीत दवबिंदू. के-पी कानपूर. राहिले सी-एक्स, एफ-यू आणि जे-क्यू. सी-एक्स आणि एफ-यूला तुम्हीच काही तरी शोधा, स्वतः शोधलेलं जास्त टिकतं. जे-क्यूला मला आजवर काही सापडलं नाही, आणि गंमत म्हणजे तीच जोडी मी कधी विसरत नाही.

परीक्षेला बसल्यावर रफ कागदावर पहिल्यांदा हे करा: वरच्या ओळीत ए ते एम, डावीकडून उजवीकडे. त्याच्या बरोब्बर खाली झेड ते एन, म्हणजे एखाली झेड, बीखाली वाय. वीस सेकंद लागतात. आता प्रत्येक अक्षराची उलट जोडी त्याच्या वर किंवा खाली उभी आहे. इजोटीच्या पाच अक्षरांना गोल करा आणि आकडे टाका. हा कागद पेपरभर पुरतो.

पहिले दहा सेकंद

ट्रंक बोर्डवर दिवा लागला की आधी ऐकायचं, मग प्लग घालायचा. इथंही तसंच. शब्द आणि त्याचा कोड एकाखाली एक लिहा, अक्षराखाली अक्षर, आणि काहीही न मोजता नुसतं बघा.

कोडमध्ये शब्दातलीच अक्षरं आहेत का? असतील तर मोजायचं काहीच नाही, फक्त जागा बदलल्या आहेत. लहानपणी आपण च-ची भाषा बोलायचो ना, पोहे म्हणजे "चोहेप", सराफा म्हणजे "चराफास"? ती ऐकताना कुणी आकडे मोजत नव्हतं, कुठलं अक्षर कुठं गेलं एवढंच बघत होतो. तेच करायचं. ग्वाल्हेर, जी-डब्ल्यू-ए-एल-आय-ओ-आर, याचा कोड डब्ल्यू-जी-एल-ए-ओ-आय-आर दिला असेल, तर दोन-दोनच्या जोड्या उलटल्या आहेत आणि शेवटचा आर एकटा म्हणून जागीच राहिला. नागपूर, एन-ए-जी-पी-यू-आर, याचं जी-ए-एन-आर-यू-पी झालं असेल तर शब्द मधोमध तोडून दोन्ही अर्धुके उलटे केले आहेत. याच नियमानं इंदूर म्हणजे डी-एन-आय-ई-आर-ओ. इथं बाण काढा, एका अक्षरापासून त्याच्या नव्या जागेपर्यंत. बाणांची नक्षी दिसली की नियम दिसला.

शब्दात एखादं अक्षर दोनदा आलंय का? हे मला सगळ्यात आवडतं. दोनदा आलेलं अक्षर म्हणजे पेपर काढणाऱ्यानं नकळत दिलेली भेट. कोडमध्येही त्या दोन जागी एकच अक्षर असेल तर उडी, म्हणजे अक्षर जितकी घरं पुढे-मागे सरकलं ती, सगळीकडे सारखी असण्याची शक्यता मोठी, किंवा उलट जोडी आहे. वेगवेगळी अक्षरं असतील तर उडी जागेनुसार बदलते आहे, हे एकही बेरीज न करता कळलं. उज्जैनचं उदाहरण पुढे येतंच आहे.

कोडमध्ये आकडे असतील तर तो वेगळा डबा, त्याचंही पुढे सांगते. आणि शब्दांऐवजी अख्खी वाक्यं असतील तर क्रमांक-बिमांक विसरा, तिथं फक्त जुळवाजुळव आहे.

उड्या

सोप्यापासून. इंदूर, आय-एन-डी-ओ-आर-ई, याचा कोड के-पी-एफ-क्यू-टी-जी. तर देवास, डी-ई-डब्ल्यू-ए-एस, कसं लिहाल? आयवरून के, दोन पुढे. एनवरून पी, दोन पुढे. डीवरून एफ, दोन. इथं सई थांबायची आणि उत्तर लिहायला घ्यायची. मी थांबू देत नाही. सहाही अक्षरं तपासा. पहिली तीन जुळून चौथं न जुळणारे प्रश्न मुद्दाम काढतात, आणि त्या चुकीच्या नियमाचं उत्तर पर्यायात ठेवलेलंच असतं. इथं सगळी जुळतात. देवास म्हणजे एफ-जी-वाय-सी-यू.

आता उज्जैन: यू-जे-जे-ए-आय-एन, कोड व्ही-आय-के-झेड-जे-एम. आधी बघा. जे दोनदा आहे, कोडमध्ये एकदा आय, एकदा के. म्हणजे एकच उडी नाही. आता अक्षराखाली अक्षर धरून फरक लिहा: एक पुढे, एक मागे, एक पुढे, एक मागे, एक पुढे, एक मागे. एवरून एक मागे गेलं की झेड, कारण अक्षरांची ही ओळ म्हणजे रिंगरोड आहे, झेडनंतर पुन्हा ए. या नियमानं रतलाम, आर-ए-टी-एल-ए-एम, होतं एस-झेड-यू-के-बी-एल. बघा, दोन एपैकी एक झेड झाला आणि एक बी.

फरक नेहमी कागदावर लिहा, अधिक किंवा उणे चिन्हासकट. डोक्यात धरू नका. डोक्यात धरलेला फरक तिसऱ्या अक्षरापर्यंत टिकतो आणि चौथ्याला पहिल्यात मिसळतो. हे मी स्वतःवर करून पाहिलंय.

वाढत्या उड्याही येतात. महू, जुन्या स्पेलिंगनं एम-एच-ओ-डब्ल्यू. (कागदोपत्री ते आता डॉ. आंबेडकर नगर आहे, बाबासाहेबांचा जन्म तिथलाच, पण आमच्या तोंडी महूच.) त्याचा कोड एन-जे-आर-ए. फरक: एक, दोन, तीन, आणि डब्ल्यूवरून ए? डब्ल्यू 23, त्यात चार मिळवले की 27, त्यातून 26 वजा, म्हणजे 1, ए. बेरीज 26 च्या वर गेली की 26 वजा करायचे, शून्य किंवा खाली गेली की 26 मिळवायचे.

फरक लिहिल्यावर ते अगदीच वेडेवाकडे आले तर? पुणे, पी-यू-एन-ई, कोड एफ-ओ-व्ही-क्यू. सरळ मोजलं तर उणे 10, उणे 6, अधिक 8, अधिक 12. असले आकडे दिसले की त्यांच्यात सूत्र शोधत बसू नका. शब्द उलटा लिहा: ई-एन-यू-पी. आता ईवरून एफ, एनवरून ओ, यूवरून व्ही, पीवरून क्यू. एक एक पुढे, एवढंच. म्हणून शब्दाचं शेवटचं अक्षर आणि कोडचं पहिलं अक्षर एकमेकांजवळचे आहेत का, हे मी नेहमी लवकर बघून घेते.

उलटूनही जमलं नाही तर बेरीज करून बघा. धार, डी-एच-ए-आर, कोड डब्ल्यू-एस-झेड-आय. फरक 19, 11, 25 आणि उणे 9, काही अर्थ नाही. पण 4 आणि 23, 8 आणि 19, 1 आणि 26, 18 आणि 9, सगळीकडे 27. उलट जोडी. तुमच्या कागदावर तर ती अक्षरं वरखालीच दिसतील. एक मात्र सांभाळा: एच्या जागी झेड दिसला म्हणून लगेच "उलट जोडी!" असं ओरडू नका. वरच्या उज्जैनमध्येही एचा झेड झालाय, आणि तिथं तो फक्त एक पाऊल मागे गेलाय. एका अक्षरावरून नियम ठरवायचा नाही.

अशा सरकवलेल्या अक्षरांची युक्ती फार जुनी. रोमचा सीझर आपली गुप्त पत्रं तीन अक्षरं सरकवून लिहायचा म्हणतात. उलट जोडीची पद्धत हिब्रूत त्याच्याही आधी होती. आणि आमची सई म्हणते सिलॅबस बदलला पाहिजे!

जलेबीचा पेच

आता जरा थांबून एक प्रश्न नीट बघू, कारण मुलं सर्वात जास्त इथं भांडतात. जलेबी, जे-ए-एल-ई-बी-आय, हिचा कोड आय-बी-के-एफ-ए-जे. तर इंदूर कसं लिहाल?

सई म्हणाली, "सोपं आहे. एक मागे, एक पुढे, आळीपाळीनं." तिची मैत्रीण, जी तिच्याबरोबर अभ्यासाला येते, म्हणाली, "छे, व्यंजन एक मागे आणि स्वर एक पुढे." दोघी बरोबर! जलेबीत व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असा क्रमच आहे, त्यामुळे दोन्ही नियम तंतोतंत बसतात. पण इंदूरला लावलं की फाटा फुटतो. सईच्या नियमानं एच-ओ-सी-पी-क्यू-एफ. मैत्रिणीच्या नियमानं जे-एम-सी-पी-क्यू-एफ. शेवटची चार अक्षरं सारखी, पहिली दोन वेगळी.

अशा वेळी तीन गोष्टी बघायच्या. एक, प्रश्नात दुसरं उदाहरण दिलंय का? समजा दिलंय की चहा, सी-एच-ए-आय, म्हणजे बी-जी-बी-जे. इथं सी आणि एच दोन व्यंजनं लागून आली आणि दोन्ही एक एक मागे गेली. आळीपाळीचा नियम असता तर बी-आय-झेड-जे झालं असतं. निकाल मैत्रिणीच्या बाजूनं. नीट काढलेल्या पेपरात दुसरं उदाहरण हा पेच सोडवायलाच दिलेलं असतं, पण मुलं पहिल्यावरच नियम ठरवून मोकळी होतात आणि दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. दोन, दुसरं उदाहरण नसेल तर पर्याय बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एकाच नियमाचं उत्तर तिथं असतं. तीन, दोन्ही असतील तर जो नियम कमी शब्दांत सांगता येतो तो घ्या आणि पुढे चला. पेपर काढणाराही माणूसच आहे, त्यालाही दुपारी चहा प्यायला जायचं असतं. तो नियम गुंतागुंतीचा करतो तो नाइलाजानं.

यातूनच वेळ वाचवायची सर्वात मोठी युक्ती निघते. नियम सापडल्यावर अख्खा शब्द सोडवू नका. पर्याय एकाखाली एक बघा, ते कुठल्या अक्षरावर वेगळे होतात ते शोधा आणि तेवढंच अक्षर काढा. वरच्या प्रश्नात शेवटची चार अक्षरं सगळ्या पर्यायांत सारखी असतील तर ती काढून काय मिळणार? पहिलं अक्षर काढा, दोन पर्याय गळतील. दुसरं काढा, एक उरेल.

आकडे

आकड्यांचे कोड दोन जातीचे. एक यादीचे, एक हिशेबाचे.

यादीचे म्हणजे आमचे एसटीडी कोड. इंदूर 0731, उज्जैन 0734, ग्वाल्हेर 0751, भोपाळ 0755, पुणे 020. इंदूरच्या अक्षरांची कितीही बेरीज करा, 731 येणार नाही. ते ठरवून दिलेलं आहे, बस. परीक्षेत हे असं येतं: मांडू, एम-ए-एन-डी-यू, म्हणजे 38516, आणि धार, डी-एच-ए-आर, म्हणजे 1487. तर धनु, डी-एच-ए-एन-यू, किती? खूण अशी की दोन्ही शब्दांत असलेल्या अक्षराला दोन्हीकडे तोच आकडा आहे: डी 1, ए 8. मग बाकीचे उचलायचे: एच 4, एन 5, यू 6. उत्तर 14856. हा प्रश्न फुकटचा गुण आहे. दिसला की सर्वात आधी सोडवा.

हिशेबाचे म्हणजे अख्ख्या शब्दाला एकच आकडा. भोपाळ, बी-एच-ओ-पी-ए-एल, म्हणजे 54. क्रमांकांची बेरीज करा: 2, 8, 15, 16, 1, 12, झाले 54. तर देवास 52. असा कोड दिसला की काही विचार न करता आधी बेरीज करा आणि कोडशेजारी लिहा. जुळली तर उत्तमच. नाही जुळली तर कोडला बेरजेनं भागून बघा. गोवा, जी-ओ-ए, कोड 69. बेरीज 7, 15 आणि 1, म्हणजे 23. 69 भागिले 23, तीन, आणि अक्षरंही तीनच. म्हणजे बेरीज गुणिले अक्षरसंख्या. पुणे मग 56 गुणिले 4, 224. भाग जात नसेल तर कोडमधून बेरीज वजा करा. उरलेला आकडा अक्षरांची संख्या आहे, स्वरांची संख्या आहे की आणखी काही, ते बघा. तरीही नाही जमलं तर उलट जोड्यांची बेरीज. ती नव्यानं मोजायची नाही: अक्षरसंख्येला 27 नं गुणायचं आणि सरळ बेरीज वजा करायची. भोपाळची उलट बेरीज 162 वजा 54, म्हणजे 108.

नावं बदललेली, आणि वाक्यं

"पोह्यांना जलेबी म्हटलं, जलेबीला कचोरी, कचोरीला गराडू आणि गराडूला शेव, तर थंडीत सराफ्यात तळून मसाला भुरभुरवून काय खातात?" मनात आधी खरं उत्तर: गराडू, तो तळलेला कंद. आता गराडूला काय म्हटलंय? शेव. उत्तर शेव. पर्यायात गराडू असतोच, आणि तो बघितला की हात शिवशिवतो. खरं उत्तर, मग त्याचं नवं नाव, एकच पाऊल, पुढच्याच दिशेनं. यापेक्षा जास्त यात काही नाही.

वाक्यांचे प्रश्न बँकेच्या परीक्षांचे लाडके. एका संचावर चार-पाच प्रश्न, म्हणजे एकदा उलगडलं की सगळे मिळाले. बघा:

आज पोहे गरम: टा की मो
गरम चहा आण: मो रे बू
आज चहा नको: की रे झू

कोडमधले शब्द वाक्याच्या क्रमानं असतात असं धरू नका, ते कसेही विस्कटलेले असतात. दोन वाक्यांत समाईक एकच शब्द शोधा. पहिल्या दोन्हींत गरम, दोन्ही कोडांत मो. पहिल्या-तिसऱ्यात आज, त्याचा कोड "की". पहिल्यात उरला पोहे, टा. दुसऱ्या-तिसऱ्यात चहा, रे. मग आण म्हणजे बू, नको म्हणजे झू. "गरम पोहे नको" म्हणजे मो, टा, झू, कुठल्याही क्रमानं.

सापडलेला शब्द दोन्हीकडे लगेच खोडा. सई गोल करायची, आणि पाच वाक्यांच्या संचात तिच्या कागदावर गोलांची रांगोळी व्हायची. खोडलं की उरलेलं आपोआप डोळ्यांत भरतं.

दोन खाचखळगे. प्रश्नात एखादा शब्द कुठल्याच वाक्यात नसतो: "लवकर चहा आण". घाबरू नका. चहा रे, आण बू, आणि लवकरसाठी कुठलाही न पाहिलेला कोड. रे आणि बू असलेला आणि तिसरा शब्द नवा असलेला पर्याय उचला. दुसरा खळगा: "पोहे लवकर सांग" म्हणजे "ली टा फो" असं चौथं वाक्य आलं. लवकर आणि सांग हे दोघं दुसरीकडे कुठं एकटे येतच नसतील, तर ली कोणाचा आणि फो कोणाचा हे ठरवताच येत नाही. तिथं "ली किंवा फो" हाच पर्याय बरोबर. मुलं त्याला "काहीतरी राहिलंय" समजून पाच मिनिटं शोधत बसतात.

बँकेत हल्ली अटी-शर्तींचे कोडही येतात: पहिलं अक्षर स्वर असेल तर असं करा, शेवटचं व्यंजन असेल तर तसं. तिथं शोधायचं काही नसतं, पाळायचं असतं. अपवादाची अट आधी वाचा, मग मुख्य तक्ता.

सोडायचं कधी

हे मी सर्वात आधी सांगायला हवं होतं. एसएससी सीजीएलच्या (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा) पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद. आयबीपीएस पीओच्या (बँक अधिकाऱ्यांची परीक्षा) प्रीलिममध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, रिझनिंगचे (तर्कबुद्धीचे) 35 प्रश्न आणि मिनिटं 20, तेही वेगळं घड्याळ लावून. प्रश्नाला 34 सेकंद. रेल्वेच्या एनटीपीसी भरती परीक्षेची पहिली फेरी जरा दयाळू, 90 मिनिटांत 100, म्हणजे 54 सेकंद. पण तिथं चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात, सीजीएलमध्ये दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धा.

म्हणून माझा हिशेब असा. दहा सेकंद बघण्यात. मग क्रमानं: सरळ फरक, उलटून फरक, बेरीज 27. यात तीस सेकंदांच्या वर गेलात आणि काही हाती लागलं नाही, तर खूण करून पुढे. सई एका परीक्षेत एकाच कोडवर चार मिनिटं बसली होती. घरी येऊन म्हणाली, "पण आत्या, सुटला ना शेवटी!" सुटला. शेवटचे सात प्रश्न तिनं उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. आमच्याकडे लाइन मिळत नसली तर कॉल रद्द करत नव्हतो, बाजूला ठेवून पुढचा लावायचो आणि दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायचो. पुष्कळदा दुसऱ्या खेपेला लाइन चटकन लागायची. कोडचंही तसंच होतं, परत आल्यावर तोच प्रश्न वेगळा दिसतो.

अंदाज टाकायचा की नाही? एक-दोन पर्याय ठामपणे गळाले असतील तर टाका. एकही गाळता आला नसेल तर हात आवरा.

सरावासाठी महागडं काही नको. जुने पेपर घ्या, पण घड्याळ लावून. आणि रस्त्यानं जाताना पाट्यांवर हात साफ करा. आमची सई बसमधून राजवाड्यापर्यंत दुकानांच्या नावांच्या उलट जोड्या म्हणत जाते, शेजारचे लोक तिच्याकडे बघतात, बघू देत. पहिले पंधरा दिवस वेगाचा विचार करू नका, फक्त प्रत्येक प्रश्नाशेजारी एक शब्द लिहा: उडी, उलट, जोडी, जागा, यादी, बेरीज. प्रकार ओळखणं पटापट व्हायला लागलं की वेग येतोच.

काल रात्री अकराला तिचा मेसेज आला. शुद्ध मराठीत एक ओळ, "आत्या, मॉकमध्ये पाचच्या पाच आले," आणि खाली: उद्या सकाळी के-एल-एस-झेड?

मी चष्मा लावून उत्तर पाठवलं: बी-व्ही-एच.